बी४ खेळा, पण सी४ ची घाई नको

बुद्धिबळ क्लबच्या स्पर्धेत पांढऱ्याचं प्यादं पहिल्याच खेळीला बी४ वर (बी या उभ्या ओळीतलं चौथं घर) गेलं की समोरचा खेळाडू पुस्तकाबाहेर, म्हणजे पाठ केलेल्या चालींबाहेर पडतो. या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीला, ओरांगउटान म्हणतात. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत नामवंत खेळाडू टार्टाकोवरने प्राणिसंग्रहालयातली ओरांगउटान बघून आल्यावर ती मारोत्झीविरुद्ध खेळली, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. तो डाव मारोत्झीने जिंकला, हे मात्र कोणी सांगत नाही.

काळ्याचं सर्वांत रोखठोक उत्तर प्यादं ई५. मग उंट बी२. काळ्याचा उंट बी४ चं प्यादं मारतो, पांढऱ्याचा ई५ चं. कडेचं प्यादं देऊन मधलं मिळालं, म्हणजे सौदा वाईट नाही. किंमत मोजायची ती वेळेत. काळा घोडा एफ६ वर आणून लगेच कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच खेळीत हलवून राजा आडोशाला नेणं) करतो आणि पांढरा राजा अजून ई१ वरच.

डाव जातो तो इथे. समजा (आकडा खेळीचा; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची) ४. सी४ कॅसलिंग ५. ई३ डी५ ६. प्यादं डी५ वर मारतं, घोडा ते परत घेतो ७. घोडा एफ३ हत्ती ई८. आता ८. उंट ई२ अगदी साळसूद दिसतं, पण काळा हत्तीनेच ई५ चा उंट मारतो. घोड्याने हत्ती घेतला की वजीर जी५: ई५ चा घोडा आणि जी२ चं प्यादं, दोन्हींवर एकदम हल्ला. घोडा एफ३ वर परतला तर वजीर जी२ खाऊन एच१ च्या हत्तीवर येतो. डी२ चं प्यादं तर बी४ च्या उंटाने आधीच जखडलेलं; ते हललं तर राजाला शह बसतो.

म्हणून चौथ्या खेळीला घोडा एफ३, मग ई३, उंट ई२, कॅसलिंग. सी४ नंतर. काळा घोडा सी६ वर आला की उंट मुकाट बी२ ला न्यायचा.

दुसऱ्या खेळीला काळ्याने प्यादं एफ६ केलं तर ३. ई४ हा गँबिट (प्याद्याचा मुद्दाम दिलेला बळी) मजेदार आहे. उंट बी४ ला मारतो, मग ४. उंट सी४ आणि जी८ वर नजर असल्याने काळ्याला कॅसलिंग जमत नाही. पण तो घोडा ई७ आणून डी५ रेटतो, आणि मग एका प्याद्याचा हिशेब द्यावा लागतो. संथ खेळायचं असेल तर ३. बी५ बरं.

पहिल्या खेळीला डी५ आलं तर उंट बी२, घोडा एफ६, ई३, ई६ नंतर बी४ वर खरा हल्ला असतो; तेव्हा बी५ पुढे ढकला, सी६ चं घर काळ्या घोड्याला मिळत नाही. काळ्याने सी५ केलं तर आँ पासाँ (दोन घरं आलेलं प्यादं एकच घर आल्यासारखं) मारता येतं, पण बहुतेकदा मारू नये: सी६ वर परत मारताना तोच घोडा फुकटात बाहेर येतो.