नाचणीचे लाडू: पिवळ्या गुळाला भुलू नका

कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, पण लाडवांसाठी पिवळीधमक ढेप घेऊ नका. तो रंग बहुधा हायड्रॉसचा, म्हणजे गूळ उजळ दिसावा म्हणून घालतात त्या रसायनाचा. सेंद्रिय गूळ तपकिरी आणि जरा मऊ असतो.

२ वाट्या नाचणीचं पीठ अर्धी वाटी तुपात मंद आचेवर १५-२० मिनिटं भाजा. नाचणी मुळातच तांबूस, म्हणून रंगावर जाऊ नका. खमंग वास सुटला, उलथनं हलकं फिरू लागलं की झालं. कच्चं राहिलं तर लाडू टाळ्याला चिकटतो.

खरी गोम पुढे. पीठ कोमट झाल्यावरच सव्वा वाटी किसलेला गूळ मिसळा. गरम कढईत घातलात तर पाक होतो, आणि लाडू म्हणजे दगड! वळताना फुटले तर दूध नको, टिकत नाहीत. चमचाभर पातळ तूप घाला. वेलदोडा हवा तर.