नाव काय तुझं?

इंदूरच्या बॉक्सिंग स्पर्धांना मी रिंगसाइड डॉक्टर म्हणून बसतो. सकाळी वजनं, तपासण्या. मग दिवसभर नाकातलं रक्त थांबवणं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या फेरीत रामबागेतल्या एका मुलीच्या हनुवटीवर सरळ उजवा ठोसा बसला. पडली नाही, पण गुडघे क्षणभर सैल झाले. रेफरीने आठपर्यंत मोजलं आणि मला बोलावलं.

आधी माउथगार्ड काढायला लावला. तो तोंडात असला की जीभ गार्डमुळे जड झालीय की डोक्याला बसलेल्या माराने, ते कळत नाही. लाळेची तार तिच्या ग्लोव्हवर लोंबत होती. बुबुळांवर टॉर्च टाकला, बोटामागे नजर फिरवायला लावली. दोन्ही ठीक.

"नाव काय तुझं?"

"मेरी."

फॉर्मवर आजीच्या वळणाचं चार अक्षरी मराठी नाव होतं. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात मागून ओरडा आला, "मेरी, काही झालं नाही!" तिचे सरही तीच हाक मारत होते. मग उत्तर बरोबर धरायचं की चूक?

सहा वेळा जगज्जेती झालेल्या, २०१२ साली लंडनहून कांस्य आणणाऱ्या मेरी कोमचं पूर्ण नाव मांगते चुंगनेइजांग मेरी कोम, पण देशाला मेरी पुरते. आमच्या प्रत्येक क्लबात एखादी मेरी आणि एखादा टायसन असतोच. पोरांच्या या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. संयोजक मात्र माइकवरही टोपणनावंच पुकारतात, आणि भान तपासायचा माझा पहिलाच प्रश्न वाया जातो.

दुसरा प्रश्न विचारला, "कितवी फेरी?"

ती सरांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "तिसरी."

मी लढत थांबवायला सांगितली.

"डॉक्टरसाहेब, पोरगी पुढे होती हो! हेडगार्ड आहे ना डोक्याला!" सर चिडले. हेडगार्डने जखमा कमी होतात. मेंदूला बसायचा हिसका बसतोच. किती प्रशिक्षकांना हे किती वेळा सांगायचं? १९७५ साली मनिलात मुहम्मद अली जिंकला, पण माझ्या लेखी त्या दिवशीचा मोठा माणूस एडी फच. १४ फेऱ्यांनंतर अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याचे डोळे सुजून मिटत आले होते. पठ्ठ्या तरी उठायला निघाला होता, आणि त्याचा प्रशिक्षक असलेल्या फचने त्याला उठू दिलं नाही. अलीला १९८४ साली पार्किन्सनचं निदान झालं. ते ठोशांमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण १९९६ साली अटलांटात मशाल धरलेला त्याचा थरथरता हात मी टीव्हीवर पाहिला होता, आणि त्या खुर्चीत बसलं की तो आठवतोच.

मुलीला रात्री उलटी नाही, डोकेदुखी नाही. मी ३० दिवस रिंग आणि स्पारिंग (सरावाच्या लढती) बंद लिहून दिलं. परवा आईबरोबर दाखवायला आली.

"काका, मी मेरी सांगितलं म्हणून थांबवलंत ना?"

"नाही बाळा. फेरी चुकलीस."

"चुकले नाही. मला वाटलं, पुढची कितवी असं विचारताय."

ती गेल्यावर मी त्या दिवशीचा कागद काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : फेरी – तिसरी, चूक. प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला, ते मी लिहिलेलं नव्हतं.