चतुर्भुजाचं शून्य: मधला थांबा सुटला, आता सुरुवात मोडतोय

गेल्या रविवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या भाषण-सराव गटाच्या बैठकीत माझं भाषण संपलं आणि एका काकूंनी ते शेजारच्या काकांना परत समजावून सांगितलं. तेही बरोबर! टाळ्या काय, आपल्या गटात सगळ्यांनाच पडतात. माहितीपर भाषण पोचलं की नाही, ते असं कळतं.

जुन्या नोंदी वाचलेल्यांना माझं रडगाणं ठाऊक आहे. विषय ग्वाल्हेर किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरात कोरलेलं शून्य, वेळ सात मिनिटं, भाषणाचे थांबे तीन. पहिला थांबा देऊळ आणि शिलालेख: संवत 933, म्हणजे इ.स. 876, प्रतिहार राजा भोजाचा काळ, अल्ल नावाच्या अधिकाऱ्यानं खडकात कोरवून घेतलेलं देऊळ. तिसरा थांबा शून्याचे नियम लिहिणारा गणिती ब्रह्मगुप्त, इ.स. 628. हे दोन्ही चालतात. मधल्या थांब्यावर, ‘आकड्यात शून्य लागतं कशाला’ इथे आलो की मागच्या रांगेत पेंग सुरू.

शिलालेखातला मजकूर खरं तर सोपा. देवाला 270 हात लांब आणि 187 हात रुंद बाग दिली, आणि माळ्यांनी रोज 50 माळा द्यायच्या. 270 आणि 50 मधलं शून्य म्हणजे एक छोटंसं वर्तुळ. पण आकडे नुसते ऐकून कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि ‘स्थानमूल्य’ हा शब्द उच्चारला की लोकांना सहावीचा तास आठवतो.

स्लाइडवर लेखाचा फोटो लावून पाहिला. सगळे फोटोतली अक्षरं लावत बसले, माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही. (प्रोजेक्टरबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. सात मिनिटांच्या भाषणात दीड मिनिट वायर शोधण्यात जातं.) मग मण्यांची पाटी आणली, तर तिसऱ्या रांगेपलीकडे मणीच दिसेनात. शेवटी कार्डशीटवर जाड मार्करनं आकडे काढले. दुकानदार चकचकीत शीट गळ्यात मारतो, ती घेऊ नका. ट्यूबलाइटखाली नुसती चमकते, आकडा गायब. साधी, खरखरीत बाजूची घ्या.

कार्डं मी हातात धरत होतो तोवर फार फरक पडला नाही. रविवारी ती तिघांच्या हातात देऊन त्यांना समोर उभं केलं. आधी 207. मग शून्याला म्हटलं, बसा. दोघांच्या मध्ये सरळ खिंडार दिसत होतं, कोणीतरी उठून गेलंय हे लहान मुलालाही कळलं असतं. मग त्यांनाच 270 असं उभं केलं आणि पुन्हा शून्याला बसवलं. मागून कोणीतरी म्हणालं, “सत्तावीस!” मी गप्प राहिलो. चांगला लांब पॉज घेतला (तो घ्यायला मला किती त्रास होतो, विचारू नका) आणि विचारलं, “मग माळ्याची बाग किती हात?” तिथे हशा पिकला आणि मुद्दा बसला. मधली रिकामी जागा दिसते, शेवटची दिसतच नाही. आणि देवळातल्या भिंतीवरची दोन्ही शून्यं शेवटचीच आहेत!

स्थानमूल्य हा शब्द आता भाषणात नाही. त्याची कोणाला आठवणही आली नाही.

गटात भाषणावर अभिप्राय देणाऱ्या मूल्यमापकांचा आग्रह होता की ‘जगातलं पहिलं शून्य’ असं ठणकावून म्हणा, टाळ्या मिळतील. नाही म्हणणार. कंबोडियातल्या शके 605 च्या, म्हणजे इ.स. 683 च्या लेखात शून्यासाठी टिंब आहेच. आणि ‘पहिलं’ म्हटलं की भाषण माहितीपर राहत नाही, सत्काराचं होतं. मला तर उलटच गोष्ट भारी वाटते. लेख कोरणाऱ्याला शून्याचं काही कौतुकच नाही. बागेचं माप लिहिताना आपण लिहितो तसं त्यानं ते लिहून टाकलंय.

इथवर लिहिलं आणि एकदम डोक्यात आलं: सचिन! 24 फेब्रुवारी 2010, आपलंच कॅप्टन रूपसिंग स्टेडियम, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 200 नाबाद, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. त्याची दोन्ही शून्यं शेवटची. काढा, राहतात 2. देवळाच्या वर्णनानं सुरुवात करण्याऐवजी धावफलकावरून केली तर? ग्वाल्हेरच्या माणसाला त्यासाठी काही समजावून सांगावं लागत नाही.

धोका एकच. क्रिकेट निघालं की आपले काका लोक भाषण ताब्यात घेतात. त्यामुळे तीन वाक्यं, चौथ्याला सरळ चढावर. तेवढं अर्धं मिनिट कुठून काढायचं? राजा भोज एका ओळीत उरकता येईल. ब्रह्मगुप्ताच्या नियमांपैकी एकच ठेवीन, शून्याला शून्यानं भागलं तर शून्य येतं हा. तो आजच्या गणिताला मान्य नाही, म्हणूनच लोक कान टवकारतात.

पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतोय. आकडे व्हायला तिघं हवेत. शून्य होणाऱ्यानं गुडघ्यांचा विचार करून नाव द्यावं, सारखं उठबस आहे.