क्रेटमधला जुना स्वॅब

मे २०२० संपत आला होता. जोहान्सबर्गजवळच्या आमच्या लॅबच्या शीतखोलीत कोविडच्या स्वॅबची क्रेट्स छातीपर्यंत चढली होती. देशभरात ८० हजारांवर नमुने तपासणीविना पडून असल्याचं त्याच सुमारास जाहीर झालं. आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही.

दक्षिण आफ्रिकेत कोविडचा पहिला रुग्ण ५ मार्चला जाहीर झाला, इटलीहून क्वाझुलू-नाताळ प्रांतात परतलेला. २६ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये आरोग्यसेविका वस्त्यांतून दारोदार फिरू लागल्या आणि स्वॅबचा लोंढा सुरू झाला. क्षयरोगामुळे इथे जीनएक्स्पर्ट, म्हणजे नमुना आपोआप तपासणाऱ्या यंत्रांचं मोठं जाळं आहे, त्याचं फार कौतुक चाललं होतं. पण त्या यंत्रांची कार्ट्रिजेस, म्हणजे एकेका चाचणीच्या डब्या, परदेशातून येतात आणि तेव्हा ती अख्ख्या जगाला हवी होती. पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आमची नेहमीची चाचणी, तिच्या किटचीही तीच गत. वर्तमानपत्रवाले मात्र रोज आकड्याला आकडा लावून खूश.

लोकांना वाटतं, उशीर यंत्रामुळे होतो. यंत्र दीड-दोन तासांत मोकळं होतं. वेळ खातात त्या पिशव्या. फॉर्मवर माहेरचं आडनाव, ट्यूबवर सासरचं, बारकोड ओला, झाकण सैल म्हणून निम्मा द्राव पिशवीत. मग संसर्ग टाळणाऱ्या काचेच्या कॅबिनेटमध्ये हात घालून, दुहेरी हातमोज्यांनी एकेक झाकण फिरवायचं. पाळी संपेपर्यंत मनगटाला कळ लागते. एका घरात एक नमुना अशी ९६ घरांची प्लेट भरताना मी कुणाशी बोलत नाही. आणि यंत्र काढतं तो आलेख मला वाचता येतो, हे आढ्यता वाटली तरी सांगते: खरा पॉझिटिव्ह एकदम उसळी मारून वर जातो, फसवा रेंगाळत चढतो.

एका जिल्हा क्लिनिकमधल्या सिस्टर रोज फोन करायच्या. ताप आला म्हणून त्यांनी स्वतःचाच स्वॅब वस्तीतल्या नमुन्यांबरोबर पाठवला होता. त्यामुळे तो दवाखान्याच्या क्रेटमध्ये न येता सर्वेक्षणाच्या ढिगात गेला. "बाई, मी कामावर जाऊ की नको, एवढंच सांगा." आमच्या साहेबांचा नियम साधा: आधी आलेला आधी. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीचे स्वॅब आज तपासणीला लावायचे, ज्यांचं विलगीकरणसुद्धा उरकलंय, आणि वॉर्डातला आजचा पेशंट मागे ठेवायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, नोंद झालेला प्रत्येक नमुना लागलाच पाहिजे. कागद त्यांचे नेहमी नीट असतात.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शीतखोलीत शिरले आणि तळाच्या क्रेटमधल्या पिशवीतून त्या सिस्टरांची ट्यूब काढली. दुपारच्या प्लेटमध्ये लावली.

निकाल इनव्हॅलिड, म्हणजे चाचणीच ग्राह्य नाही. आलेखात विषाणूची रेघ नाही, पण नमुन्यात माणसाच्या पेशी आल्यात का हे दाखवणारा जो अंतर्गत कंट्रोल असतो त्याचीही नाही. स्वॅब नाकात नीट पोचलाच नसेल, किंवा पडून पडून खराब झाला असेल. म्हणजे निगेटिव्हसुद्धा म्हणता येईना.

फोनवर सांगितलं तर सिस्टर हसल्या. क्लिनिकमध्ये दुसरं माणूसच नव्हतं, त्या सोमवारपासूनच कामावर हजर होत्या. मग हळूच विचारलं, "त्याच पिशवीतल्या बाकीच्या बायकांचं काय?" त्यांच्या ट्यूब अजून क्रेटमध्येच होत्या. मी फक्त सिस्टरांचीच ट्यूब काढली होती.

मी म्हटलं, पुन्हा पाठवा, वेगळ्या पिशवीत, आणि फॉर्मवर लाल शाईने 'स्टाफ' लिहा, म्हणजे उघडणारी मुलगी बाजूला काढेल. त्यांचा दुसरा नमुना दोन दिवसांत लागला, निगेटिव्ह.

पण सिस्टर लोकांची आपसात फोनाफोनी असणारच. पुढच्या आठवड्यात तीन निरनिराळ्या क्लिनिकमधून लाल शाईचे फॉर्म आले, नंतर पिशव्याच्या पिशव्या. त्यात खरंच स्टाफ किती आणि कुणाची आई-मावशी किती, हे कसं ओळखणार? पिशव्या उघडणाऱ्या मुलीने लाल फॉर्मांचं वेगळं क्रेट केलं, आणि चार दिवसांत तेही छातीला लागलं. साहेबांनी हे कुणी सुरू केलं म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही सगळ्या झाकणं फिरवत होतो.