तुमच्या यादीला काही धोरण आहे का?

"तुमच्या यादीला काही धोरण आहे का हो?"

मागच्या मार्चमध्ये निफाडकडच्या एका वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी पुन्हा विचारलं. मार्चमध्ये वाचनालयांना अनुदान खर्ची टाकायची घाई असते आणि आम्हा छोट्या प्रकाशकांना उधारी वसूल करायची. बाईंच्या एका हातात माझं बिल, दुसऱ्या हातात आमची यादी. यादी म्हणजे पिवळ्या कागदाची एक घडी, ४३ नावं. सातबारा कसा वाचावा, त्याच्या खाली एक कथासंग्रह, मग द्राक्षाची छाटणी, अहिराणी ओव्या, तांबटांची हत्यारं आणि मठारकाम, दोन कादंबऱ्या, गोदावरीचे पूर, पुन्हा कथा. बाईंना प्रत्येक पुस्तकासमोर विषय लिहायचा होता. कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, धार्मिक, आणि यातल्या कशातच न बसणारं ते 'संकीर्ण'. आमची निम्मी यादी संकीर्णात गेली.

डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा तर तीन दिवस हेच ऐकत होतो. वर "नाशिकचे ना तुम्ही? मग मिसळच असणार," हा विनोद. (रोज चार-पाच जणांना तो नव्याने सुचायचा, आणि मी रोज चार-पाचदा हसायचो.) गंमत म्हणजे त्या संमेलनाचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारे आणि विज्ञानही समजावून सांगणारे. त्यांना कुणी धोरण विचारल्याचं माझ्या कानावर नाही.

आजवर मी "जे येतं ते छापतो" म्हणून वेळ मारून नेत आलो. बाईंना मात्र ते पटलं नाही. "येतं म्हणजे कुठून येतं?" म्हणाल्या. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी नाशिकरोडचा. आमच्याकडे 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की ते नोटांचं नाहीतर तिकिटांचं सरकारी प्रेस. वडील तिथे होते. तिथे छापलेल्या कागदाइतकाच वाया गेलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की पुढे मी छापायला लागल्यावर बाइंडरकडच्या खराब प्रतीही मोजून घ्यायला लागलो. बाइंडर वैतागतो. वडिलांना माझा धंदा शेवटपर्यंत कळला नाही. "ज्याची किंमत छापल्यावर ठरत नाही, ते छापायचं कशाला?" असं एकदा म्हणाले होते. किंमत छापलेली असते की, असं मी म्हणालो. "पण तेवढ्याला कोण घेतं?" हे त्यांचं उत्तर, आणि कमिशन वजा जाता ते खरंच होतं.

मी स्वतः वीस वर्षं एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीत बसलो. खिडकीत दोरीने बांधलेली मागणीवही असायची. बहुतेक पानांवर त्या त्या वर्षी गाजणाऱ्या कादंबऱ्यांची नावं. पण मधूनच काहीतरी वेगळं यायचं. 'सातबारा समजावणारं पुस्तक आहे का?' 'नाशिकला पूर कोणकोणत्या साली आले, कुठे लिहिलेलं आहे का?' 'आजी अहिराणी बोलते. अहिराणीत काही मिळेल का?' समोरच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'उपलब्ध नाही'. एका दिवाळीत वही भरली, नवी बांधायच्या आधी जुनी चाळत बसलो, तर सातबाऱ्याची मागणी नऊ वेळा, नऊ अक्षरांत. समोर नऊ वेळा मी.

पहिलं पुस्तक म्हणून सातबाऱ्याचं झालं. लिहिलं एका निवृत्त तलाठ्यांनी. गावोगाव त्यांना भाऊसाहेबच म्हणत. त्यांची भाषा निव्वळ परिपत्रकाची. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी वाक्यामागून वाक्य अडवायचो. "भाऊसाहेब, हे कळत नाही." ते म्हणायचे, "तुला जमीन नाही म्हणून कळत नाही." पण अडवता अडवता सुटत गेलं. नमुना ७ हक्काचा, नमुना १२ पिकाचा. पोटखराबा म्हणजे काय. फेरफाराचा नंबर धरून मागे मागे कसं जायचं. सगळ्यात लांबलं ते 'इतर हक्क' या रकान्याचं प्रकरण. बँकेचा बोजा तिथे, विहिरीतला हिस्सा तिथे, आणि पुष्कळ घरांत बहिणींची नावंही तिथेच. भाऊसाहेबांनी ते तीन ओळींत उरकलं होतं. मी म्हटलं वाढवा. ते जरा गप्प झाले, मग चौदा पानं लिहून दिली.

पुस्तक आल्यावर सहा महिन्यांनी सिन्नरहून एका शिक्षिकेचा फोन आला. चूक दाखवायला केलाय, म्हणाल्या. "हक्कसोडपत्र नोंदणी केलेलंच लागतं, ते तुम्ही बरोबर लिहिलंय. सही झाल्यावर बहिणीला साडीचोळी करतात, ते कुठे लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "बाई, ते तुम्ही लिहा."

माझ्या तोंडून ते सहज गेलं होतं, त्यांनी मनावर घेतलं. दोन वर्षांनी नऊ कथा आणल्या. पहिल्या कथेत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून परतलेली बहीण माहेरच्या स्वयंपाकघरात पुरणाला चटका देत उभी आहे, आणि भावजय तिला "तुम्ही बसा, तुम्ही पाहुण्या" म्हणते. बस, एवढंच. भाऊसाहेबांना मी हस्तलिखित वाचायला दिलं. परत देताना त्यांनी पिशवीत घालून दिलं, वर पेन्सिलीने एकच शेरा: 'कायद्याच्या दृष्टीने बरोबर.'

यादीत सातबाऱ्याच्या खाली तो कथासंग्रह का, हे तेव्हापासूनचं आहे. अकारविल्हे लावलं तर दोन्ही लांब जातात, म्हणून आमची यादी अकारविल्हे नाही. विषयवार लावली तर मध्ये आख्खं पान येतं.

पण म्हणून तो संग्रह खपला असं नाही. पाचशे छापलेल्यांपैकी ३४० प्रती गोदामाच्या सगळ्यात खालच्या फळीवर होत्या. खालच्या फळीवर काय ठेवतात ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. गोदाम म्हणजे भांडीबाजाराकडची भाड्याची एक खोली. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरी आली. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की नाशिककर पूर आला म्हणतात. त्या दिवशी पाणी बाजारात शिरलं. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तेव्हा खोलीत गुडघ्यापर्यंत गाळ आणि ओल्या कागदाचा तो वास. फुगलेल्या पुस्तकांनी फळी वाकवली होती. वडिलांच्या सवयीने मी आधी मोजली, मग शिक्षिकाबाईंना फोन केला.

"वाहून गेली की भिजली?"

"भिजली."

"मग वाळवा ना."

मी म्हटलं, कागद चिकटतो, छपाईचा मॅपलिथो काही धोतर नाही. तरी त्या सिन्नरहून दोन विद्यार्थिनींना घेऊन आल्या. ऑगस्टातल्या ओल्या हवेत, गच्चीवर पत्र्याखाली दोऱ्या बांधून, पानं एक एक सोडवत एकेचाळीस प्रती वाचल्या. वाकड्या, पिवळ्या, कडांना गाळाची रेघ. त्या विकायच्या नाहीत असं बाईंनीच ठरवलं आणि पिशवीत भरून घेऊन गेल्या. कुणाला दिल्या ते मी विचारलं नाही.

पुरांचं पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षी केलं. १९६९, २००८, २०१६. कुठल्या वर्षी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं, कुणाच्या दुकानात काय बुडालं, हे माणसांना विचारून विचारून. छापून दोन वर्षं झाली आणि २०१९ चा पूर आला. म्हणजे पुन्हा जोडपत्र.

यावरून लोकांचा दुसरा आवडता समज सांगतो. "शेतीची पुस्तकं विकायची आणि त्यावर साहित्य पोसायचं, असं ना तुमचं?" ऐकायला झकास आहे. पण माहितीचं पुस्तक दुधासारखं नासतं. आमचं द्राक्षाचं पुस्तक पहिल्या दोन हंगामांत हातोहात गेलं. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी, भुरी हे रोग, सगळं त्यात होतं. मग २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली, वेलीची वाढ रोखायला मारतात त्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून. आमच्या पुस्तकात एका पानावर ते औषध मात्रेसकट छापलेलं. लेखक स्वतः बागायतदार. त्यांचा फोन आला तो "ते पान फाड" एवढाच. सातशे प्रतींतलं ते पान आम्ही हाताने कापलं. औषधांची यादी दर हंगामाला बदलते, तेव्हापासून फवारणीचं वेळापत्रक आम्ही पुस्तकात छापतच नाही, वेगळा कागद घालतो. कथासंग्रहातली बहीण मात्र अजून पुरणाला चटका देते आहे, जोडपत्र न लावता. पूर येईपर्यंत वर्षाला वीस-पंचवीस प्रती जायच्या. वीस वर्षांचा हिशेब मांडला तर कोण कुणाला पोसतं ते मला तरी नीट सांगता येणार नाही.

अहिराणी ओव्यांची गोष्ट थोडक्यात. बागलाण-कळवणकडच्या बायकांच्या ओव्या. प्रुफं वाचणारे अत्यंत काटेकोर, पुण्याच्या वळणाचे. अहिराणीत 'मनी माय' म्हणजे माझी आई. यांना वाटलं मनी म्हणजे मनात, म्हणून 'मनी' नंतर स्वल्पविराम. सबंध पुस्तकभर, जिथे आई आली तिथे स्वल्पविराम. चूक त्यांची नव्हे. छापायला देताना सही माझी होती. आणि कायद्याप्रमाणे, म्हणजे १९५४ च्या कायद्याप्रमाणे, तीस दिवसांच्या आत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. मी इमानदारीने पाठवली होती. दुसरी आवृत्ती दुरुस्त आहे, पण राष्ट्रीय ग्रंथालयात कुणीतरी अजून मनातल्या मनात माय म्हणत असणार.

राहिल्या कादंबऱ्या. इथे माझं मागणीवहीचं तत्त्व संपतं. आमच्या दोन्ही कादंबऱ्या कुणी मागितल्या नव्हत्या. वहीत कुणी लिहील तरी काय, 'अजून न लिहिलेली कादंबरी हवी'? त्यातली एक लासलगावच्या एका अडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनी आणली. आले होते सातबाऱ्याचं पुस्तक घ्यायला. पैसे देताना पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार वह्या काढल्या आणि "हे जरा बघा" म्हणून बस गाठायला पळाले. १९९८ मधली गोष्ट, कांदा भडकला ते वर्ष. लिलावाच्या ओट्यावर उभा राहून दुसऱ्यांच्या पैशाचे आकडे लिहिणारा माणूस. मी पहाटेपर्यंत वाचत होतो. तीनशेच छापल्या, नावात कांदा आहे.

ग्रंथपाल बाईंनी तोवर बिल बाजूला ठेवलं होतं. म्हणाल्या, "थांबा, ती आहे आमच्याकडे," आणि उठल्या. कादंबऱ्यांच्या कपाटाकडे जातील असं वाटलं, तर गेल्या शेतीच्या. नावात कांदा, म्हणून कुणीतरी शेतीत नोंदवली होती. मागची तारखांची चिठ्ठी भरून खाली दुसरी चिकटवलेली. आमच्या कुठल्याही कादंबरीची अशी चिठ्ठी मी पाहिलेली नाही. आणि आत, ८८व्या पानाच्या समासात, पेन्सिलीने: 'लासलगावला हा भाव नव्हता.'

मी तिथूनच लेखकाला फोन लावला, वाचून दाखवलं. पलीकडे लिलावाचा गलका. मग ते म्हणाले, "वाचणारा पिंपळगावचा असणार. मी पावती दाखवतो त्याला."