मनगटाचं प्लास्टर: पहिले दोन-तीन दिवस बोटांकडं लक्ष द्या

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं बांधावरून पाय घसरला की माणूस तळहातावर पडतो नि मनगट मोडतं. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. पडल्याबरोबर अंगठी नि बांगड्या काढा. सूज चढली की त्या रुततात. साबण लावूनही निघाल्या नाहीत तर कापा, चुड्यासाठी अडून बसू नका.

दवाखान्यात पहिल्या दिवशी बहुधा एका बाजूनंच प्लास्टरची पट्टी घालतात. घरच्यांना वाटतं, काम अर्धवट सोडलं. पण सूज दोन-तीन दिवस वाढते, तिला जागा लागते. हाडवैद्याच्या करकचून बांधलेल्या कामट्यांत नेमकी हीच जागा उरत नाही, म्हणून त्या बांधून घेऊच नयेत.

खरी धोक्याची खूण म्हणजे गोळी घेऊनही वाढत जाणारी कळ. दुसऱ्या हातानं बोटं हळूच सरळ करून बघा. त्यानं जीव जाईल अशी कळ आली, बोटं बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा. आत दाब वाढून सुमारे 6 तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. नख दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी झालं, तरी निर्धास्त राहू नका. दाब वाढलेला असतानाही नख गुलाबी दिसू शकतं. अशा वेळी हात उंच न धरता छातीच्या पातळीवर ठेवा. दवाखान्यात प्लास्टर नि आतला कापूस दोन्ही कातडीपर्यंत चिरावे लागतात.

सगळं ठीक असेल तर हात दोन उशांवर ठेवा. दर तासाला दहा वेळा मूठ मिटा-उघडा, खांदा नि कोपरही हलवा. दिवसभर झोळीत हात ठेवला तर खांदा आखडतो.

आठवड्यानं नि पंधरवड्यानं सांगितलेला एक्स-रे एसटीच्या भाड्यापायी चुकवू नका. सूज उतरली की हाड सरकू शकतं, आणि तीन आठवड्यांनंतर ते नुसतं ओढून बसत नाही. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं, तेवढे दिवस तरी ती बंद ठेवा.

प्लास्टर साधारण 5-6 आठवड्यांनी निघतं. मनगट ताठ, कातडी खवल्यांची, कोपराखालचा हात बारीक दिसतो. यात बिघडलेलं काही नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात हलवा, मालीशवाल्याकडं जाऊ नका. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांना बोटांचं हलकं काम लवकर जमतं. भरली घागर मात्र तीन महिने नको. मधेच कधी अंगठा वर उचलेनासा झाला तर त्याची शीर, म्हणजे त्याला ओढणारी स्नायूची दोरी, तुटलेली असू शकते. हाड जागचं हललेलं नसलं तरी हे होतं, आणि तुटलेली शीर व्यायामानं जुळत नाही. हाडांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.