शिलाई मशीनची पावती

मी डच-इंग्रजी दुभाषी. मूळची सांगलीची, पण नेदरलँड्समध्ये येऊन आता बरीच वर्षं झाली. एरवीचं काम म्हणजे घराची खरेदीखतं, घटस्फोटाचे कागद, डॉक्टरांकडच्या भेटी. २०२५पासून त्यात एका कामाची भर पडली. लोकांच्या आजोबांच्या फायली त्यांना वाचून दाखवायच्या.

युद्धानंतर ज्या डच लोकांवर नाझींना साथ दिल्याचा संशय होता, त्यांच्या चौकशीचे कागद द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एकापुढे एक मांडले तर पावणेचार किलोमीटरच्या आसपास भरतील. जानेवारी २०२५च्या सुरुवातीला गोपनीयतेची मुदत संपली आणि सुमारे सव्वाचार लाख नावांची यादी इंटरनेटवर आली. ज्यूंना पकडून देऊन डोईमागे साडेसात गिल्डर घेणारे तिच्यात आहेत आणि एनएसबी या डच नाझी पक्षाची नुसती वर्गणी भरलेलेही आहेत. कोर्टापुढे उभा राहिला तो जेमतेम पाचवा हिस्सा, पण यादीत सगळे एका रांगेत. अशी यादी चव्हाट्यावर टाकणं मला पुरतं पटलेलं नाही, पण ती कुलपात ठेवणं त्याहून कमी पटत होतं.

त्या दिवशीचे गृहस्थ कॅनडाहून आले होते. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) आजोबांचं नाव यादीत सापडलं होतं, डच येत नव्हतं. वाचनकक्षात फोटो काढता येत नव्हते, म्हणून मी हळू आवाजात वाचायचं आणि त्यांनी पेन्सिलीने टिपून घ्यायचं असं ठरलं.

आजोबा ना पोलीस, ना एनएसबीचे सभासद. ॲमस्टरडॅममध्ये सामान वाहणारे हमाल. ज्यू कुटुंबाला घरातून नेलं की जर्मनांची माणसं येऊन भांड्यांपासून पलंगापर्यंत यादी करत, मग ट्रक येई. सामान जर्मनीला जाई, बॉम्बहल्ल्यात घरं गेलेल्या लोकांसाठी. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० परतले नाहीत, आणि त्यांची घरं अशी रिकामी करायला बरेच हात लागले.

पहिल्या जबाबात आजोबा म्हणतात, मला घरं कुणाची ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या जबाबात, ठाऊक होतं, पण माणसं कुठे गेली ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात एक शिलाई मशीन येतं. ते त्यांनी घरी नेलं होतं, कारण "नाहीतरी जर्मनीलाच जाणार होतं". इथे गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली.

मी पान उलटलं तर पावती. १९४६. मशीन मालकिणीला परत, खाली तिची सही.

"म्हणजे परत केलं त्यांनी!" ते इतक्या मोठ्याने बोलले की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. मला तिथेच थांबता आलं असतं, पण वाचून दाखवायचे पैसे मी पुढच्या पानांसकट घेतले होते. पुढे मशीनच्या मालकिणीचा जबाब होता. ती लपून राहून वाचली होती. परतल्यावर शेजारच्या गल्लीत उघड्या खिडकीतून तिला स्वतःचं मशीन दिसलं. ती पोलिसांकडे गेली आणि पोलीस आजोबांकडे. तिच्या घरात पूर्वी कोण कोण राहत होतं हेही तिने सांगितलं होतं. नवरा, सासू, दोन मुलगे. मशीन न्यायला ती एकटी आली होती.

आजोबा काही महिने छावणीत होते, मग अटी घालून खटला सोडून दिला. मतदानाचा हक्क गेला. पुढे सगळं कुटुंब कॅनडाला.

दुपारी कॉफी पिताना ते म्हणाले, "तुम्ही भारतीय या बाबतीत सुटलात." मी म्हटलं, तसं नाही. १९४३मध्ये इथेच, झीलंडच्या किनाऱ्यावर आणि टेक्सेल बेटावर, जर्मन गणवेशातले भारतीय सैनिक होते. आफ्रिकेत युद्धकैदी झालेल्यांतून नेताजी सुभाषचंद्र बोसांनी जर्मनीत उभी केलेली आझाद हिंदची फौज. पुढे ती फ्रान्सला गेली आणि ऑगस्ट १९४४मध्ये वाफेन-एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाकडे, सोपवली गेली. आमच्या शाळेत गोष्ट नेताजींपाशी सुरू होऊन नेताजींपाशीच संपायची. या किनाऱ्यावरच्या लोकांना ते सैनिक कुणाचे वाटले असतील, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. बळजबरी, भूक, देशप्रेम, त्यांच्याकडे कारणं होती. हमालाकडेही होती. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, पण कारण सापडलं की आपण फाइल मिटतो, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

निघताना त्यांनी त्या बाईचं नाव पुन्हा नीट लिहून घेतलं. तिचे कुणी नातेवाईक असतील तर पत्र लिहू का, असं विचारलं. दुभाष्याने मत द्यायचं नसतं, तरी मी दिलं: माफी मागायला लिहू नका, त्याने त्यांच्यावरच उत्तर द्यायचं ओझं पडेल. तिचा जबाब इथे आहे, तेवढं कळवा.

पंधरवड्याने त्यांची ईमेल आली. आईला, म्हणजे त्या हमालाच्या मुलीला, सगळं सांगितलं होतं. तिने एवढंच विचारलं, "मशीन परत दिलं होतं ना?" ते "हो" म्हणाले. बाकीचं अजून सांगायचं राहिलंय, असं त्यांनी लिहिलं होतं.